बदलीवर आलेली साखळी

उरणात कुणाला ‘ठाण्याला टाकला’ असे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. हे ठाणे म्हणजे तलावांचे शहर नव्हे, १९०१ साली सुरू झालेले तिथले मनोरुग्णालय. पुण्याकडे हेच काम ‘येरवडा’ हा शब्द करतो. पूर्वी मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का आणि तिथून गाडीने ठाणे, अशी वाट होती. जानेवारी २०२४ मध्ये रेल्वे उरणपर्यंत आली आणि वाट सोपी झाली. क्रियापद मात्र होते तेच राहिले. माणसाला दाखल करतात, भरती करतात. टाकतात ते नको झालेले.

आणि ज्यांना ठाण्याला टाकले नाही ते? ते घरीच असतात. मागच्या पडवीत, माळ्यावर, जाळीच्या दाराआड. कुणाच्या पायापासून खाटेच्या खुरापर्यंत दोर गेलेला असतो, कुणाच्या खोलीला बाहेरून कडी असते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते माहीत असते. बोलत कुणी नाही, कारण बांधणारी बहुतेक वेळा आई असते आणि तिने का बांधले हेही सगळ्यांना माहीत असते.

अपंग माणसाला बांधणे, कोंडणे, गुंगवणे कधी थांबणार, या प्रश्नाला साधारण दोन उत्तरे मिळतात. एक म्हणते, हा क्रूरपणा आहे, कायदा लावा. दुसरे म्हणते, ज्याच्या घरी असे माणूस नाही त्याने बोलू नये. पहिल्याला आई दिसत नाही, दुसऱ्याला बांधलेला माणूस दिसत नाही. बंदर, गोदामे आणि कंपन्या यांच्या या तालुक्यात ‘बदली कामगार’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी जो उभा राहतो तो बदलीवाला. साखळीचे असेच आहे. ती औषधाच्या बदलीवर येते, माणसाच्या बदलीवर येते, सुरक्षित रस्त्याच्या, संरक्षणाच्या, कधी नुसत्या संवादाच्या बदलीवर येते. कायमचा कुठे आहे हे न विचारता बदलीवाल्याला हाकलले की दुसऱ्या दिवशी दुसरा बदलीवाला उभा असतो. साखळी गेली तर कुलूप येते, कुलूप गेले तर गोळी येते. कुठे कोण कोणाच्या बदलीवर उभे आहे, याचा हा आढावा.

बांधणे म्हणजे काय काय

बांधणे म्हटले की डोळ्यांपुढे लोखंड येते, पण प्रकार त्याहून बरेच आहेत. ऑस्ट्रेलियात अपंगांच्या सेवांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय आयोग २०१८ पासून काम करतो. त्याच्या नियमांत अशा बंधनांचे पाच प्रकार आहेत: अंगबळाने धरून ठेवणे, पट्टा-दोर अशा साधनाने जखडणे, वागणे आवरण्यासाठी औषध देणे, एकट्याला कोंडणे, आणि जागा किंवा वस्तू बंद करणे. तिथे २०१९ ते २०२३ या काळात काम केलेल्या शाही चौकशी आयोगानेही या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला. म्हणजे पैसा आणि यंत्रणा दोन्ही असलेल्या देशातही तो सुटलेला नाही.

या पाचांतला शेवटचा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात कुणाला कुणी हात लावत नाही. चाकाची खुर्ची रात्री दुसऱ्या खोलीत ठेवली की माणूस सकाळपर्यंत खाटेला बांधलाच गेला. मतिमंद मुलीचा फोन काढून घेतला की तिचे जग उंबरठ्यावर संपले. उरणात याला आणखी एक कारण आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले तेव्हापासून इथल्या रस्त्यांवर कंटेनरचे ट्रेलर अहोरात्र धावतात. स्वमग्न मुलाला दार उघडे दिसले की तो पळत सुटतो, आणि गल्लीच्या तोंडाशी असा रस्ता असेल तर कोणता बाप दाराला कुलूप लावणार नाही? दुसरीकडे खाडी आणि समुद्र. इथे कुलूप पदपथाच्या आणि कुंपणाच्या बदलीवर आलेले असते. त्या बापाला मानवी हक्कांवर व्याख्यान देऊन ते निघणार नाही.

जुनी कुळकथा

माणसाला जखडण्याला आपल्याकडे कायद्याचे बळ बराच काळ होते. १८५८ चे आणि नंतर १९१२ चे वेड्यांविषयीचे कायदे उपचारापेक्षा ताब्याची भाषा बोलत. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला तेव्हा शब्द सौम्य झाले, पण रुग्णाला स्वतःचे म्हणणे असते ही कल्पना त्यातही पुरती आली नव्हती. कुष्ठरोग्यांसाठी १८९८ चा वेगळा कायदा होता. निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याची मुभा तो देई. उरणहून समुद्रापलीकडे दिसणाऱ्या मुंबईत, वडाळ्याला, त्याआधीच १८९० मध्ये आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने बेघर कुष्ठरोग्यांचा आश्रम उभा राहिला होता. गुणकारी औषध आल्यानंतरही हा कायदा कितीतरी वर्षे पुस्तकात राहिला. औषधाच्या बदलीवर आलेली भिंत औषध आल्यावरही हटली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच मुलखात, पनवेलजवळ नेऱ्याला, शांतिवनाने कुष्ठरोग्यांना डांबण्याऐवजी वसवण्याचा मार्ग धरला. बाबा आमट्यांच्या आनंदवनाचा मार्गही तोच.

न बांधता चालते, हा शोधही नवा नाही. इंग्लंडमध्ये हॅनवेलच्या वेड्यांच्या इस्पितळात जॉन कॉनोली यांनी १८३९ मध्ये पट्टे, साखळ्या आणि बांधायच्या खुर्च्या बंद केल्या. त्यासाठी त्यांना चांगले सेवक हवे होते, आणि तेच त्यांनी पुन्हापुन्हा मागितले. पण त्यांच्याच इस्पितळात बेफाम रुग्णासाठी गाद्या लावलेली एकांतकोठडी राहिली. एक बदलीवाला गेला, दुसरा आला. दोनशे वर्षांची गोष्ट त्या एका इस्पितळात दिसते.

घर: औषधाच्या आणि माणसाच्या बदलीवर

घरातली साखळी बहुधा एका रात्रीसाठी येते. समजा, करंजाच्या एखाद्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा आठ दिवस झोपलेला नाही. कुणीतरी आपल्याला मारायला येणार अशी त्याची खात्री आहे. तो जेट्टीकडे पळतो. बाप बोटीवर गेला आहे, परतायला दिवस लागतील. आई आणि धाकटी बहीण त्याला आवरू शकत नाहीत. शेजारचे चौघे येतात, धरतात, मच्छीमाराच्या घरात दोराला तोटा नसतो. सकाळी बघू, असे ठरते. सकाळी डॉक्टर नसतो.

‘सकाळी डॉक्टर नसतो’ हाच कळीचा मुद्दा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवले की निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. पण उरणच्या माणसाला जिल्हा म्हणजे अलिबाग, आणि अलिबाग म्हणजे करंजाहून लाँचने धरमतरची खाडी ओलांडून रेवस आणि पुढे गाडी. नाहीतर पेणवरून वळसा. उत्तेजित झालेल्या मुलाला लाँचमध्ये कोण बसवणार? मग एका रात्रीचा दोर आठवड्याचा होतो, आठवड्याचा महिन्याचा. पुढे मुलगा शांत होतो. आजार बरा झाला म्हणून नव्हे, तर बांधलेला माणूस हळूहळू हालचालच सोडतो म्हणून. त्या शांतपणाला घर ‘फरक पडला’ म्हणते.

माणूस कमी पडतो तो असा. शेती आणि मिठागरे होती तेव्हा घरातले काम घराजवळ होते. पडवीत आजी असे, अंगणात काकी असे, ‘जरा याच्याकडे बघ गं’ म्हणायला हाक पुरे. जमिनी बंदराला आणि प्रकल्पांना गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच जणांनी प्राण दिले, आणि त्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला. त्या भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या. घरे मोठी झाली, पण दिवसा घरात कुणी नसते. पाळीवर मुलगा, नोकरीवर सून, शाळेत नातवंडे. साडेबारा टक्क्यांच्या हिशेबात जमीन मोजली गेली, आजीची राखण कुणी मोजली नाही. आता मतिमंद काकाच्या खोलीला नऊ ते सहा कुलूप असते ते तिच्या बदलीवर.

औषध दारात पोचले तर काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण चीनचे आहे. २००४ मध्ये तिथे ‘६८६’ नावाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात घरोघरी साखळीने बांधलेल्या वा कोंडलेल्या रुग्णांना शोधून, सोडवून, फुकट उपचार आणि नियमित भेटी दिल्या गेल्या. २००५ ते २०१२ या काळात सोडवलेल्या २६६ जणांचा पुढे मागोवा घेतला तेव्हा त्यांतले ९२ टक्के मोकळेच राहिलेले आढळले. बहुतेक सगळे स्किझोफ्रेनियाचे रुग्ण होते, ज्यांच्याबद्दल आपण सहज म्हणतो की ‘बांधल्याशिवाय इलाजच नाही’. इलाज होता. तो गोळीच्या पाकिटात आणि दर महिन्याला दार वाजवणाऱ्या माणसात होता. उलट इंडोनेशियाने लाकडी खोड्यात अडकवण्याच्या ‘पासुंग’ या प्रथेवर १९७७ मध्येच बंदी घातली, पण सेवा मागे राहिल्या आणि प्रथा पुढची कित्येक दशके टिकली.

देवाच्या दारात

डॉक्टरआधी भगत, ही पायरी आगरी-कोळी वस्तीत अजून आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. ‘बाहेरचे लागले आहे’ या निदानात एक दिलासा असतो: दोष पोराचा नाही, घराण्याचाही नाही. भगत रात्री बोलावला तरी येतो, घरी येतो, घरच्या भाषेत बोलतो. सरकारी दवाखान्याला यांतले काहीच जमलेले नाही. प्रश्न उतारा टाकण्याचा नाही, त्यासोबत येणाऱ्या बांधण्या-मारण्याचा आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य घातले तो त्यांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, काठी-चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, केस उपटणे, चटके देणे याबद्दल आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्याकडे आपण अंधश्रद्धेचा कायदा म्हणून पाहतो, पण त्या नोंदीतला बळी बहुधा मनोरुग्ण, अपस्माराचा रुग्ण किंवा मतिमंद माणूस असतो. अपंगांच्या हक्कांचा कायदा म्हणूनही तो वाचला पाहिजे.

देशाला हा प्रश्न दिसला तो आगीच्या उजेडात. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आले नाही. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणाच्या नावात २५ हा आकडा आहे, कारण सुरुवातीला तेवढेच मोजले गेले होते. तरीही जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या बदायूंमधल्या साखळ्यांचा विषय आला, आणि असे बांधणे चालणार नाही हे न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात वेगळी वाट निघाली. ‘दवा आणि दुआ’ या उपक्रमात मुजावर दुआ देतात आणि आवारातच मनोविकारतज्ज्ञ औषध देतो. बंदीचा फलक लावून जे साधले नसते ते शेजारी टेबल मांडून साधले. आपल्याकडचा भगत रुग्णाला उरणच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन येणारा पहिला माणूस का होऊ नये?

संस्था: मोठे कुलूप

घरी जमत नाही म्हणून संस्था, हे उत्तर सोपे वाटते. रायगडात त्याचा अनुभव कडू आहे. कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद आणि मूकबधिर मुलींवर झालेले अत्याचार २०११ मध्ये उघड झाले. शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या बालगृहाची अवस्था बाहेर आली तेव्हापासून मुंबई उच्च न्यायालय राज्यातल्या अशा बालगृहांचा विषय पाहत होतेच. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने कळंबोली प्रकरणात आरोपींना दोषी ठरवले. त्या मुली पळू नयेत, त्यांचे ऐकले जाऊ नये, ऐकले तरी त्यावर कुणी विश्वास ठेवू नये, यासाठी साखळीची गरजच नव्हती. बंद फाटक, बाहेरचे कुणी न येणे आणि ‘त्यांना काय कळते’ हे वाक्य एवढे पुरेसे होते. अत्याचार बंधनाच्या आडोशाने वाढतो, म्हणून बंधनाचा प्रश्न दुय्यम नाही.

मोठ्या रुग्णालयांची गोष्ट वेगळी, पण तिचा शेवट तसाच. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये. तिथे बरे होऊनही वर्षानुवर्षे पडून राहिलेले लोक आहेत, कारण न्यायला कुणी येत नाही. दहा-बारा वर्षे विनाकारण आत राहिलेल्या रुग्णांचा विषय मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेला. २०१९ मध्ये तर बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला थांबवले. भिंत तीच, पाटी बदललेली.

जपानने हा धडा फार मोठ्या किमतीला घेतला. तिथे १९०० च्या कायद्याने मनोरुग्णाला घरात पिंजऱ्यात ठेवण्याची रीतसर परवानगी होती. कुरे शूझो या मनोविकारतज्ज्ञाने घरोघरीचे ते पिंजरे पाहून १९१८ मध्ये अहवाल लिहिला. १९५० मध्ये ती पद्धत रद्द झाली. पुढच्या दशकांत खासगी मनोरुग्णालयांची भरमार झाली आणि लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मानसोपचार खाटा असलेल्या देशांत जपान जाऊन बसला. पिंजऱ्याने फक्त पत्ता बदलला.

याच्या उलट दिशेने जाणारे दोन दाखले जवळचे आहेत. कर्जतला डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणते, उपचार करते आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या घरी नेऊन सोडते. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. वाटवानींना याच कामासाठी मिळाला. या केंद्राचे मोठेपण खाटांत नाही, खाटा रिकाम्या करण्यात आहे. दुसरा दाखला चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेचा. वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात, मदतनिसाच्या सोबतीने राहतात, बाजारहाट करतात, भांडतात, सण करतात. ही पद्धत रत्नागिरीतही आली आहे. तिथे चालते, तर उरणात न चालण्याचे कारण नाही.

शरीरावरचे आणि सहीचे बंधन

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी मतिमंद मुलींच्या गृहातल्या मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री संघटनांनी आवाज उठवला आणि शस्त्रक्रिया थांबल्या, पण ज्यांच्या झाल्या त्या झाल्या. शस्त्र इथे कोणाच्या बदलीवर आले होते? कापडाच्या घडीच्या, न्हाणीघरातल्या पाण्याच्या, चार मदतनीस बायांच्या. लैंगिक अत्याचाराच्या भीतीचेही कारण अशा वेळी दबक्या आवाजात सांगितले जाते. पण गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, फक्त त्याचा पुरावा राहत नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मतिमंद स्त्रीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही असे ठरवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीविना अशी प्रक्रिया करणे हा, गंभीर अपंगत्वाचे काही अपवाद ठेवून, गुन्हा केला. याच कायद्याने पालकत्वाची कल्पनाही बदलली. आधी पालक म्हणजे सगळी सही त्याची. आता मर्यादित पालकत्व: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते आणि त्या माणसाशी बोलून. प्रत्यक्षात बँकेत, तलाठ्याकडे, शाळेत अजून पहिला प्रश्न ‘याचा पालक कोण’ हाच येतो. सही ही संवादाच्या बदलीवर आलेली साखळी आहे, आणि ती दिसतही नाही.

कायदा कुठवर, वाद कुठे

भारताने संयुक्त राष्ट्रांचा अपंगांच्या हक्कांचा करार ऑक्टोबर २००७ मध्ये मान्य केला. त्यातून दोन कायदे निघाले: २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, ज्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे आहेत आणि मानसिक आजार व स्वमग्नता त्यांत येतात, आणि मे २०१८ पासून अमलात आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. दुसऱ्याचे कलम ९५ म्हणते, मानसिक आजार असलेल्या कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायचे नाही. त्याला अपवाद नाही. कलम ९७ एकांतकोठडी बंद करते आणि शारीरिक बंधनाला अगदी अरुंद फट ठेवते: धोका तात्काळ असला पाहिजे, तज्ज्ञाची मान्यता हवी, लागेल तेवढाच वेळ, कारणासह नोंद, २४ तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीला खबर, दर महिन्याला पुनर्विलोकन मंडळाकडे अहवाल. आणि या सगळ्यात एक वाक्य असे: केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही. कायदा करणाऱ्यांना बदलीवाला ओळखू आला होता, याची ती खूण. उल्लंघनाला पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाद दोन ठिकाणी आहे. पहिला, ही फट हवी का. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या संस्थापक भार्गवी दवर यांच्यासारख्यांचे म्हणणे होते की संयुक्त राष्ट्रांच्या करारात सक्तीला जागाच नाही, आणि फट ठेवली की ती रुंदावते. आपल्या आईला मनोरुग्णालयांत काय भोगावे लागले ते त्यांनी लहानपणी पाहिले होते, आणि संस्थेचे नाव आईचेच. उलट बाजूचे डॉक्टर विचारतात, मध्यरात्री काचेचा तुकडा हातात घेतलेल्या रुग्णाला पाच मिनिटे धरायचे की नाही? पाच मिनिटे धरणे आणि पाच वर्षे बांधणे यांत फरक आहे, हे दोघांनाही मान्य व्हावे. पण पाचाचे पन्नास होताना मोजणारा कुणी असला पाहिजे, आणि महाराष्ट्रात ही पुनर्विलोकन मंडळे नीट चालावीत म्हणून उच्च न्यायालयालाच सरकारच्या मागे लागावे लागले. न मोजलेली फट रुंदावतेच, या बाबतीत दवर यांचे म्हणणे मला पटते.

दुसरा वाद गोळीचा. कलम ९७ शरीर बांधण्याबद्दल सविस्तर बोलते. बरे करण्यासाठी नव्हे तर गप्प बसवण्यासाठी दिलेल्या औषधाबद्दल तसे काही सांगत नाही. साखळी चोरून ठेवावी लागते, झोपेची गोळी पाण्याबरोबर देता येते. म्हणून पुढची लढाई इथे आहे.

उरणला काय जमेल

उरणला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ नुसार अपंग माणसाशी गैरवर्तन होत असल्याची खबर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकते. उरणात हे पद तहसीलदाराकडे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे घरात हाल होणाऱ्या मनोरुग्णाची माहिती पोलिसांनी दंडाधिकाऱ्याला द्यायची असते. पण खबर देणाऱ्या शेजाऱ्याला भीती असते की पोलीस आईलाच उचलतील. ती भीती घालवायची तर पहिली भेट खाकी गणवेशात नको. आशाताई आणि दवाखान्याची परिचारिका आधी गेली पाहिजे, औषधाचे पाकीट हातात घेऊन. कायद्याची काठी मागे असू द्यावी, आणि ती अत्याचार करणाऱ्यासाठी असावी, दमलेल्यासाठी नव्हे.

दुसरे, दवाखाना. मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या वारी उरणच्या ग्रामीण रुग्णालयात बसला आणि महिन्याचे औषध तिथेच मिळाले तर खाडी ओलांडायची गरज उरणार नाही. घारापुरीही याच तालुक्यात आहे, तिथल्या माणसाला दवाखान्यासाठी आधी समुद्र ओलांडावा लागतो. १४४१६ हा टेली-मानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. रात्री दोन वाजता दोर शोधण्याआधी तो लावता येतो, पण त्यासाठी तो घराच्या भिंतीवर लिहिलेला हवा.

तिसरे, आणि सर्वांत अवघड, माणूस. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा शासनाचा नियम आहे. बंदर, तेल आणि गोदामांच्या या तालुक्यात काही ग्रामपंचायतींची करवसुली राज्यातल्या कितीतरी गावांना हेवा वाटावा अशी आहे. तो पैसा बहुधा एकरकमी मदतीत, तीनचाकीत, कानाच्या यंत्रांत जातो. ते हवेच. पण ज्याला तीनचाकी नको, सोबत हवी, त्याच्यासाठी त्या यादीत रकाना नाही. समाजमंदिराची एक खोली, दिवसा दहा ते पाच, शिकवलेल्या दोन बाया, कुंपण घातलेले अंगण. गावातले पाच-सात मतिमंद, स्वमग्न, बरे होत असलेले लोक तिथे बसतील, जेवतील, पापड लाटतील किंवा काहीच करणार नाहीत. त्या सात तासांत पाच-सात घरांची बाहेरून लावलेली कडी निघते आणि पाच-सात आयांना दुपारी झोप मिळते.

खर्च काढला तर दोन पगार आणि खोलीची डागडुजी एवढाच निघेल. पुढच्या ग्रामसभेत पाच टक्क्यांची यादी वाचली जाईल तेव्हा तीनचाकीच्या खाली ही ओळ घालायला कुणीतरी उठले पाहिजे. ठरावात ‘मानवी हक्क’ हा शब्द नसला तरी चालेल. ‘दोन मदतनीस, कायम’ एवढे लिहिले तरी पुरे.